रेंज फुल, नेट गुल: लॅपटॉपचं वायफाय तुटतं तेव्हा



आजच्या विषयासाठी श्रोत्यांकडून आधी प्रश्न मागवले होते. आलेल्या प्रश्नांतले बरेचसे एकाच वाक्याचे वेगवेगळे अवतार आहेत: 'रेंज फुल दाखवतंय, पण नेट चालत नाही.' कुणाचं दर दहा मिनिटांनी तुटतं, कुणाचं फक्त रात्री तुटतं, कुणाच्या घरी सगळ्यांच्या मोबाइलवर छान चालतं आणि लॅपटॉपवर तेवढं रडतं. म्हणून आज आपण दुरुस्तीच्या आधीची पायरी नीट बघणार आहोत. ते नेमकं कुठे तुटतंय हे शोधायचं कसं? आमच्या मते सगळी मेख तिथेच आहे. जागा सापडली की उपाय बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचा असतो. जागा न शोधता उपाय करत बसलं की खर्च होतो.

आणि खरोखर होतो. लॅपटॉप जुना झाला असं समजून नवा घेतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, नव्यावरही तेच. कंपनी वाईट म्हणून कनेक्शन बदललं, नवा राउटर त्याच जागी, त्याच लोखंडी कपाटामागे बसवला, पुन्हा तेच. पूर्वी नेट गेलं की फार तर क्रिकेटची मॅच अडायची. आता ऑनलाइन परीक्षा अडते, नोकरीची मुलाखत अडते, जीएसटीचं रिटर्न शेवटच्या दिवशी अडतं. परीक्षेचा पर्यवेक्षक 'तुमचं नेट का गेलं' असं विचारत नाही, तो फक्त खिडकी बंद करतो.

तर सुरुवात करू.

पाणी कुठे अडलं?

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी शेजारी विचारतो, 'तुमच्याकडे आलंय का?' मग गच्चीवर जाऊन टाकी बघतो. टाकी भरलेली असेल तर दोष आपल्या पाइपात किंवा नळात. टाकीच रिकामी असेल तर नगरपालिकेकडे. नळ बदलायला प्लंबर बोलावण्याआधी एवढं तर प्रत्येक जण करतो.

इंटरनेटचंही असंच आहे. लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा, हवेतला. राउटर ते कंपनी हा दुसरा, फायबरचा किंवा केबलचा. कंपनी ते बाकीचं जग हा तिसरा. आपण रोजच्या बोलण्यात तिन्हींना मिळून 'वायफाय' म्हणतो. खरं तर वायफाय म्हणजे फक्त पहिला टप्पा. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ज्या कमानी भरलेल्या दिसतात त्या या पहिल्या टप्प्याबद्दलच बोलतात. राउटरच्या पलीकडे फायबर तुटलेली असली तरी कमानी भरलेल्याच राहणार. 'रेंज फुल, नेट गुल' या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आलं.

आता टाकी बघायची कशी? विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन 'सीएमडी' टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिथे 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर दाबा. (हे सगळं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं आहे, इथे आम्ही उच्चार सांगतोय.) जी यादी येते तिच्यात 'डिफॉल्ट गेटवे' असं लिहिलेलं असेल, त्यासमोरचा आकडा म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर साधारणपणे १९२.१६८.२९.१. आता टाइप करा: पिंग, मग एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा, आडवी रेघ आणि टी. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारायला लागेल, 'आहेस का?', आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते लिहीत जाईल. मॅक आणि लिनक्सवर शेवटची रेघ आणि टी लागत नाही, तिथे पिंग आपोआप चालूच राहतं. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी.

अशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिथे ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावा. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, म्हणजे 'बाहेरचं जग'. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि आपलं काम चालू ठेवा. नेट तुटलं की लगेच या दोन खिडक्यांकडे बघायचं.

पहिलीतली उत्तरं दोन-पाच मिलिसेकंदांत येताहेत आणि दुसरीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर तुमचं वायफाय ठणठणीत आहे. लॅपटॉपला हात लावू नका. दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही एकाच वेळी अडखळताहेत, किंवा पहिलीतच आकडे तीनशे, आठशे, दीड हजार असे उड्या मारताहेत, तर दोष घरात आहे: हवेत, लॅपटॉपमध्ये किंवा राउटरमध्ये. आणि दोन्ही खिडक्या मजेत चालल्यात पण वेबसाइट काही उघडत नाही, तर मार्ग ठीक आहे, नावाचा पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. मग लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा.

एक सावधगिरी. शंभरात एखादं उत्तर उशिरा आलं म्हणून घाबरायचं नाही. राउटर कामात असला की पिंगला उत्तर द्यायचा आळस करतो. सलग चार-पाच हाका वाया गेल्या, आणि त्याच क्षणी तुमचा कॉलही अडकला, तर ती खरी खूण.

या जोडीला आणखी एक तपासणी. घरातला मोबाइल घ्या आणि तो लॅपटॉपच्या शेजारी, त्याच टेबलावर ठेवून बघा. लोक मोबाइल हातात घेऊन राउटरपाशी जातात आणि म्हणतात, 'मोबाइलवर तर चालतंय!' दोन वेगळ्या खोल्यांची तुलना करून काय कळणार? मग उलटं करा: लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. तिथेही तुटत असेल तर संशय लॅपटॉपवर. शेवटी, शक्य असेल तर लॅपटॉप लॅनच्या केबलने थेट राउटरला जोडा. केबलवर तासभर न तुटता चाललं, तर उरला फक्त हवेतला टप्पा.

संगमनेरच्या ताई आणि त्यांची वही

संगमनेरच्या एक ताई पुण्यातल्या एका फर्मचे हिशेब घरून करतात. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांची फर्मबरोबर व्हिडिओ मीटिंग असते, दिवसभराच्या नोंदी ताळ्यावर आणायला. ही मीटिंग हमखास तुटायची. ताई बोलताहेत आणि पडद्यावर त्यांचा चेहरा गोठलेला. दोन-तीन महिने असं चालल्यावर फर्मने सांगितलं, जमत नसेल तर ऑफिसला या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. संगमनेर-पुणे रोजचं जाणं-येणं म्हणजे नोकरी सोडल्यातच जमा. यजमान म्हणाले, लॅपटॉप पाच वर्षांचा झालाय, नवा घेऊ. भावाने सांगितलं, कनेक्शन बदल. संध्याकाळी सगळेच नेट वापरतात, कंपनीची लाइन भरत असणार, असा त्याचा तर्क. तर्क वाईट नव्हता, तसं होतंही.

आम्ही त्यांना म्हटलं, ताई, लॅपटॉप घ्यायच्या आधी एक वही करा. नेट तुटलं की वेळ लिहायची, आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं ते सगळं लिहायचं. मिक्सर, ओव्हन, टीव्ही, लाइट गेली-आली, काहीही. आणि दोन खिडक्यांचं पिंग लावून ठेवायचं.

आठ दिवसांनी वही आली. तुटण्याच्या नोंदी जवळजवळ सगळ्या साडेसहा ते साडेसातच्या मधल्या. एक मात्र रविवारी दुपारची. पिंगमध्ये राउटरची खिडकीसुद्धा अडखळत होती, म्हणजे कंपनीवरचा संशय गेला. मोबाइल त्याच टेबलावर ठेवला तर व्यवस्थित चालत होता. मग लॅपटॉपच म्हातारा? पण म्हातारा लॅपटॉप सकाळी अकरा वाजता कसा काय तरुण असतो?

उत्तर वहीतच होतं. ताई हिशेबाच्या माणूस, सगळं लिहिणाऱ्या. प्रत्येक संध्याकाळच्या नोंदीत एक ओळ होती: 'बॅकअप लावला.' दिवसाचं काम संपत आलं की टॅलीचा बॅकअप आणि स्कॅन केलेली बिलं त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायच्या. रविवारी दुपारी त्यांच्या मुलाने त्याच डिस्कवरचे फोटो लॅपटॉपवर घेतले होते.

तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्कचा आणि वायफायचा काय संबंध? आहे, आणि तो चांगला अभ्यासलेला आहे. यूएसबी ३ ची तार आणि जोडणी चालू असताना जो विद्युत गोंगाट बाहेर टाकते तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं; त्यातल्या मोजणीत अशी हार्ड डिस्क जोडल्यावर त्या पट्ट्यातला पार्श्वगोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढलेला दिसतो. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. राउटरचा आवाज तेवढाच आहे, पण लॅपटॉपच्या कानाशी कुणीतरी ढोल बडवतंय. कॉपी संपली की ढोल थांबला, नेट सुरू.

मोबाइल का वाचला? तो ५ गिगाहर्ट्झवर होता. ताईंच्या राउटरची दोन नावं दिसायची, एक साधं आणि एक शेवटी '५जी' लावलेलं. ('५जी' हे फक्त वायफायच्या पट्ट्याचं नाव, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.) मुलाने आपल्या मोबाइलमध्ये दुसऱ्या नावाचा पासवर्ड घातला होता, लॅपटॉपमध्ये मात्र कुणीच घातला नव्हता. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला, डिस्कला मीटरभर लांब केबल लावून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. एवढंच. तो लॅपटॉप अजून चालू आहे आणि ताईंची नोकरीही.

हवेतली गर्दी

आता हे २.४ आणि ५ प्रकरण जरा समजून घेऊ. वायफायचं पहिलं मानक १९९७ चं, आणि त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडला गेला, कारण तो विनापरवाना वापरायला मोकळा होता. भारतात तो २००५ मध्ये मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये खुला केला गेला. मोकळी जागा म्हटल्यावर सगळेच तिथे येऊन बसले: वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हन तर सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न तापवतो. दरवाजा जुना झाला की थोडी गळती होते. आरोग्याला घाबरण्याइतकी ती नसते, पण वायफायच्या मानाने भरपूर असते. राउटर स्वयंपाकघरात, ओव्हनशेजारी ठेवलेला असेल तर जेवण गरम होईपर्यंत तुमची मीटिंगही थंड.

या २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एका राउटरला साधारण २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते आणि शेजारच्या दोन चॅनलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं. म्हणून एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. इथे हुशार माणसं एक चूक करतात. मोबाइलवर ॲप घेऊन बघतात, १, ६, ११ वर गर्दी आहे, ३ रिकामा आहे, चला ३ वर जाऊ. पण एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात; ग्रामसभेत एका वेळी एकानेच बोलायचं, तसं. ३ वर बसलेल्याला १ वाल्यांचं आणि ६ वाल्यांचं बोलणं अर्धवट ऐकू येतं, कळत काहीच नाही, नुसता कालवा. त्यापेक्षा १, ६, ११ पैकी ज्यावरचे शेजारी सगळ्यात क्षीण ऐकू येतात तो घ्या. आणि लॅपटॉप झेपवत असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. तिथे जागा पुष्कळ आहे, फक्त भिंतीपलीकडे तो लवकर दमतो.

लॅपटॉप झेपवतो की नाही हे कसं कळणार? काळ्या खिडकीत टाइप करा: नेटएसएच, डब्ल्यूएलएएन, शो, ड्रायव्हर्स, प्रत्येकात जागा सोडून. 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत फक्त ८०२.११ च्या बी, जी, एन एवढेच प्रकार असतील तर कार्ड २.४ वालंच आहे. ए, एसी किंवा एएक्स दिसलं तर ५ चालतं. कार्ड जुनंच असेल तर ५ गिगाहर्ट्झ चालणारा छोटा यूएसबी डोंगल मिळतो. नव्या लॅपटॉपच्या पुढे त्याची किंमत काहीच नाही.

याच आज्ञेत शेवटचा शब्द बदलून 'इंटरफेसेस' टाइप केलं की आत्ताच्या जोडणीची कुंडली येते: चॅनल कोणता, वेग किती, सिग्नल किती टक्के. विंडोजचे हे टक्के असे वाचायचे: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम किंवा त्याहून चांगलं, ५० टक्के म्हणजे उणे ७५. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास, म्हणजे ६५-७० टक्के, तरी हवेत. उणे ८० च्या खाली गेलं की जोडलेलं दिसेल, पण भरवसा नाही. मॅकवर ऑप्शन हे बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हाच आकडा मिळतो, शिवाय गोंगाटाचाही.

सिग्नल कमी असेल तर आधी राउटरची जागा बघा. फायबरवाला येतो, दाराजवळ जिथे तार आत येते तिथेच डबा ठोकून जातो. मग त्यापुढे चपलांचं कपाट येतं, किंवा तो टीव्हीच्या मागे जातो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, सिमेंट-लोखंडाची भिंत, हे सगळे वायफायचे वैरी. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीवर, घराच्या मध्याकडे असू द्या. तार थोडी लांब घ्यावी लागली तर घ्या. आणि लॅपटॉप चार बोटं सरकवून बघा! गंमत नाही ही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आहे. भिंतींवरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि अवघ्या काही सेंटिमीटरवर एकमेकींना साथ देतात.

दोष लॅपटॉपचाच असेल तर

हॉटस्पॉटवरही तुटतंय, राउटरशेजारी बसूनही तुटतंय, तर मग लॅपटॉप उघडा पडला. इथे पहिला संशयित म्हणजे वीजबचत. लॅपटॉप बॅटरीवर असला की वायफायच्या कार्डाला झोपवतो आणि काही कार्डं वेळेवर उठत नाहीत. चार्जर लावल्यावर नीट चालतं, काढल्यावर तुटतं, असं असेल तर निदान जवळजवळ झालंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर्स उघडा, वायफायच्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' असेल तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची जी टिकमार्क आहे ती काढा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा भाग दिसतच नाही. तिथे वीजबचतीचा मोड बदलून बघा. लिनक्सवाल्यांनी नेटवर्क मॅनेजरमधली वायफायची पॉवर-सेव्ह सेटिंग बंद करावी.

दुसरा ड्रायव्हर. 'परवापर्यंत छान चालत होतं' असं म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, परवा रात्री अपडेट आलं होतं का? आलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका, त्यांच्यामुळे वायफायखेरीज आणखी चार गोष्टी बिघडतात. विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट' हे शेवटचं औषध. त्याने साठवलेले सगळे वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएन पुसले जातात, तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी ऑफिसला विचारा.

तिसरा संशयित फार कमी जणांना माहीत असतो. बहुतेक लॅपटॉपचे वायफायचे अँटेना पडद्याभोवती, झाकणात बसवलेले असतात. त्यांच्या केसाएवढ्या बारीक तारा बिजागरातून खाली येतात आणि कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढ्या टोप्यांनी बसतात. बिजागर तुटलं, पडदा बदलला, आतली साफसफाई करून घेतली, की यातली एखादी टोपी निसटते. मग लॅपटॉप राउटरच्या खोलीत चालतो, शेजारच्या खोलीत मरतो. झाकणाचा कोन बदलला की सिग्नल बदलतो, ही त्याची खूण. दुरुस्तीनंतर हा त्रास सुरू झाला असेल तर त्याच दुकानात परत जा आणि सांगा, 'अँटेनाच्या दोन्ही टोप्या बसल्यात का बघा.' पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी मदरबोर्ड बदलायचा नसतो.

विंडोजकडे स्वतःची वहीसुद्धा आहे. काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच, डब्ल्यूएलएएन, शो, डब्ल्यूएलएएनरिपोर्ट असं दिलं की मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी आणि कशामुळे तुटलं याचा तक्ता तयार होतो. ताईंच्या वहीला हा पर्याय नाही, कारण बॅकअप लावला हे त्याला माहीत नसतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

विजेबद्दल थोडक्यात. लाइट गेली, इन्व्हर्टर चालू झाला, मधला क्षणभराचा झटका. पंख्याला तो कळत नाही, राउटर मात्र बंद पडून पुन्हा चालू होतो आणि नेट परत यायला एक-दोन मिनिटं लागतात. राउटरचा छोटा ॲडॉप्टर म्हातारा झाला तरी असंच होतं. राउटरसाठी बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. जिथे दिवसातून चार वेळा लाइट लुकलुकते तिथे त्याच्याइतकी उपयोगी वस्तू नाही. घेताना आपल्या राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आम्ही वरच्या मजल्यासाठी एक्स्टेंडर लावला. रेंज फुल झाली, पण स्पीड अजूनच कमी. असं का?*

साधा एक्स्टेंडर म्हणजे निरोप्या. तो ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा तेच बोलतो, त्यामुळे वेळ दुप्पट जातो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक त्याला जिथे रेंज नाही तिथे लावतात. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? जिना अर्धा चढल्यावर जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा. त्यापेक्षा वरपर्यंत लॅनची केबल टाकून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणं कधीही चांगलं.

*अमेरिकेहून मुलीने लॅपटॉप पाठवला. घरचं वायफाय मोबाइलला दिसतं, लॅपटॉपला यादीतच दिसत नाही.*

राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर आहे का बघा. आपल्याकडे ते चालतात, अमेरिकेसाठी बनवलेली कार्डं अनेकदा त्यांच्याकडे बघतच नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर ठेवा.

*पावसाळ्यात नेट जास्त तुटतं. पावसाने वायफाय कमी होतं का?*

घरातल्या अंतराला पावसाचा काही परिणाम नाही. पावसात वीज जाते, खांबावरच्या जोडात पाणी शिरतं, झाडाच्या फांदीने फायबर ताणली जाते. दोन खिडक्या लावल्यात तर पहिली ठीक आणि दुसरी बंद दिसेल. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. तार कुठे दाराच्या बिजागरात चिमटली किंवा फार वाकली आहे का, तेवढं बघा आणि तक्रार करा.

*वायफाय जोडलेलं आहे, दोन्ही पिंग ठीक, डीएनएस बदलला, तरी एकही साइट उघडत नाही. 'सुरक्षित नाही' म्हणतं.*

लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की तो काही वर्षं मागे जातो, आणि मग साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. तारीख दुरुस्त करा. पुन्हापुन्हा बिघडत असेल तर ती बॅटरी बदला.

*कस्टमर केअरला फोन केला की ते दर वेळी 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच सांगतात.*

सांगणारच, कारण आपण त्यांना 'नेट चालत नाही' एवढंच सांगतो. असं सांगून बघा: 'लॅपटॉप लॅनच्या केबलने जोडलाय, राउटरला पिंग दोन मिलिसेकंदांत येतंय, बाहेर मात्र काल रात्री नऊ ते साडेदहाच्या मधे अकरा वेळा तुटलं, वेळा लिहून ठेवल्यात.' पिंगच्या खिडकीचा फोटो काढून ठेवा, तक्रारीचा नंबर घ्या, आणि माणूस आला की फोटो दाखवा. केबलवरची नोंद दाखवली की 'तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे' असं म्हणायला त्याला जागा उरत नाही.